कुंपणवाल्याला नाव पाहिजे

मु. वैशाखरे, ता. मुरबाड
दि. ४ मार्च २०२५

ती. सौ. कुणालीताईस,
धाकट्या प्रणयचा सा. न. वि. वि.

फोन का करत नाही म्हणून ओरडू नकोस. मामांच्या घरामागच्या टेकाडावर चढलं तरच रेंज येते आणि तिथे वानरं बसलेली असतात. शिवाय फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात तुला तोडता येत नाही. भावेशचा दुधाचा टेम्पो शहापूरला येतो, त्याच्याकडे देतोय.

मी इथे दोन दिवसांसाठी आलो होतो, ते राहिलोच. चैत्री पुनवेच्या जत्रेत गावाचं नाटक असतं ना, जुनी नाटकं लोकांना पाठ झालीत. हनुमानमामा म्हणाले, एवढा गावोगाव हिंडतोस, तर लिही की एखादं. मी हो म्हणालो. आणि ताई, मी ते पुरं केलं. आयटीआय पुरं केलं नाही, मोबाईलचा कोर्स पुरा केला नाही, हे मात्र केलं.

गोष्ट सांगतो. एक पैसेवाला म्हातारा पाणवठ्याच्या वाटेवर कुंपण घालतो. सगळं गाव त्याला मालक मालक करतं. शेवटी एक सून त्याच्यासमोर उभी राहते आणि त्याला फक्त नावाने हाक मारते. मालक नाही, बाबा नाही, नुसतं नाव. तिथेच तो खचतो. हेच तर नाटक आहे. सुनेचं काम बाई करणार, इथलीच एक सून, रोशनी. आजवर पुरुषच लुगडं नेसायचे.

आता ऐक माझी दशा. इथली रीत अशी की नाटक आधी देवळात वाचायचं आणि कोणाची हरकत असेल तर ती मिटल्याशिवाय तालीम नाही. मी म्हाताऱ्याचं नाव ठेवलं चांगो. गावात चांगो तीन. एकाची बायको कोयता हातात घेऊनच आली (ती लाकडं तोडून येत होती म्हणे, पण आधी घरी ठेवून यायचा की नाही?). मग मी धोंडी केलं. तर वत्सलाआजी रडायलाच बसली. तिचा नवरा धोंडी, तो गेल्यावर नातवाला तेच नाव दिलंय. म्हणाली, आमचा म्हातारा जिता असताना कोणाचं ऐकून घेतलं नाय, आता मेल्यावर तुझ्या नाटकात शिव्या खाईल काय रे?

पाडव्यापर्यंत मिटलं नाही तर मंडळ ऑर्केस्ट्रा आणणार आहे. तू शहापुरात दुकानात बसतेस, शंभर नावं कानावर पडतात. एखादं सुचव.

करवंदाला फूल आलंय. हे उगाच सांगितलं.

रागावून झालं की थोडी माया शिल्लक ठेव.
तुझा प्रणय

—

शहापूर
दि. ८ मार्च २०२५

चि. प्रणयास,
अनेक आशीर्वाद, आणि दोन चापट्या.

पत्र पोचलं. त्याला शेणाचा वास येतोय, तो टेम्पोचा की तुझा ते कळलं नाही. इकडे सगळे बरे. तुझे भावजी रितेशराव म्हणतात, मेव्हण्याने एक गोष्ट पुरी केली याबद्दल पेढे वाटू या. मी म्हटलं, थांबा, जत्रा होऊ द्या. मागे नारायणगावच्या द्राक्षवाल्याकडे कामाला लागलास तेव्हाही मी पेढे वाटले होते. आठवडाभर टिकलास.

नावांचं म्हणशील तर दुकानात ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका मुलांची नावं सांगतात ती सगळी गुळगुळीत. त्यातलं कुठलंही तुझ्या कुंपणवाल्याला शोभणार नाही. मला राहून राहून वाटतं, दुसऱ्यांच्या घरात कशाला शिरतोस? तुझं स्वतःचंच नाव दे. हरकत घ्यायला तुझं आहे कोण? मीच. आणि माझी हरकत नाही.

पण एक कान उघडा ठेवून वाच. नाव मिळालं नाही म्हणून माळशेज चढून पळालास तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. रोशनीने सासरी भांडून ते काम घेतलं आहे, हे मला मामीने सांगितलं. तू पळशील, तिला तिथेच राहायचं आहे.

वेळेवर जेव. माझं बोलणं लागलं असेल तर लागू दे, माणूस आपलं आहे म्हणूनच लागतं.
तुझी ताई

—

वैशाखरे
दि. २० मार्च २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या सल्ल्याने माझं हसं झालं. देवळात उभा राहून मी सांगितलं की कुंपणवाल्याचं नाव प्रणय. हरकत कोणाचीच नाही! इतक्या झटकन कोणी माझं काहीच मान्य केलं नव्हतं. पण मामा डोकं खाजवत म्हणाले, अरे, साठ वर्षांचा, मिशीवाला, तंबाखू मळणारा म्हातारा, त्याचं नाव प्रणय कसं असेल? आमच्या वयाच्या माणसाचं असलं नाव असतं काय? लोक हसून हसून उठून जातील. आणि खरंच, म्हाताऱ्याचं काम भावेशकडे आहे, त्याने मिशी लावून पहिलं वाक्य म्हटलं आणि वत्सलाआजी तोंडाला पदर लावून बसली. मग मी टीव्हीतल्यासारखं एक भारी नाव काढलं, तर म्हणाले, हा कोण, मुंबईचा बिल्डर का?

मी वैतागून बॅग भरली. खरं सांगतो, भरलीच होती. शिरोशीला एक मधवाला भेटला होता, तो म्हणत होता, चल माझ्याबरोबर. ते मध कसा काढतात माहीत आहे का तुला? जाऊ दे.

तेवढ्यात महिपतबाबा आले. नदीकडच्या घरातले, लग्न न केलेले, रोशनीच्या सासऱ्याचे थोरले भाऊ. पायरीवर बसले आणि म्हणाले, माझं नाव घाल. मला वाटलं टिंगल करतायत. तर म्हणाले, माझ्यामागं पोर नाय, नातू नाय. भावाच्या नातवाला त्याच्या आईकडचं नाव पडलं. मी गेलो की हे नाव कोण तोंडात घेणार? मी म्हटलं, बाबा, मग चांगल्या माणसाचं ठेवतो, नाटकात एक पुजारी आहे त्याचं. तर खवळले! पुजाऱ्याला कोण ध्यानात ठेवतो, गाव बोलतं ते वाईट माणसाबद्दल. आणि त्याला भाषण अजून एक वाढव म्हणाले. वर शेवटी त्याला मारू नको, ही अट.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या जिवात जीव आला. आणि मग कोपऱ्यातून रोशनी म्हणाली, मला जमायचं नाय. ते माझे चुलत सासरे. त्यांचं नाव मी कसं घेऊ?

आता सांग. फुकट मिळालेलं एकच नाव, आणि ते जिने घ्यायचं तिलाच घेता येत नाही. नाटकातून हाक काढली तर नाटकच उरत नाही. मी बॅग अजून सोडलेली नाही.

तुझ्या दारात जागा असू दे.
प्रणय

—

शहापूर
दि. २४ मार्च २०२५

चि. प्रणयास आशीर्वाद.

आधी बॅग सोड. मग पुढे वाच.

तुला ही गंमत वाटत असेल. मला लग्नाला इतकी वर्षं झाली, रेशनच्या ऑफिसात सासऱ्यांचं नाव विचारलं तर मी अजून कागदावर लिहून देते. तिथला माणूस हसतो. मी कोणाला घाबरत नाही हे तुला ठाऊक आहे, पण जीभ वळत नाही. त्यामुळे रोशनी आखडू आहे असं म्हणू नकोस, तिच्यावर ओरडू नकोस, आणि मामांनाही तिच्यावर सोडू नकोस.

हे तुझ्याने सुटणारं नाही. जे नाव देतायत ते आणि जिने घ्यायचं ती, दोघांनाच ठरवू दे. तू बाजूला बस. तेवढं एक तुला जमलं तरी पुष्कळ.

उत्तर पाठवायला आळस करशील, तरी वाट बघते.
ताई

—

वैशाखरे
दि. १४ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. या वेळी जरा जास्त वाकून.

जत्रा झाली. नाटक झालं. सांगतो, पण मध्ये बोलू नकोस.

महिपतबाबा स्वतः रोशनीच्या ओट्यावर गेले. मी बाजूला बसलो होतो, तू सांगितल्यासारखा, फक्त कुंपणापलीकडे. म्हणाले, सूनबाई, मी सांगतो, घे. शिव्या घाल, पण नावानं घाल. रोशनी पदर सावरून म्हणाली, बघू. बस, एवढंच. पाडव्याला मामांनी ऑर्केस्ट्र्याला नको म्हणून कळवलं, आणि पुढच्या सगळ्या तालमींत ती त्या जागी आली की गप्प राहायची, आणि भावेश आपला अंदाजाने खचायचा. ताई, मला त्या दिवसांत जेवण गेलं नाही.

जत्रेला मांडवात मुंगीला जागा नव्हती. बाबा पहिल्या रांगेत, नवा फेटा बांधून, शेजारच्याला ढोसत होते की हा बघ, हा मी. भावेशला शिव्या पडायला लागल्या तसे ते फुलत गेले. एका बाईने तर म्हटलं, या महिपतचं वाटोळं होवो, आणि बाबांनी वळून तिला रामराम केला.

मग तो प्रवेश आला. रोशनी उभी राहिली आणि गप्प. मी पडद्याआडून नाव सांगायला लागलो, आधी हळू, मग इतक्या मोठ्याने की लोकांना ऐकू गेलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खालीच बसलो. मग ती भावेशला सोडून पुढे आली, पार कडेला, पहिल्या रांगेपाशी. आणि बाबांकडे बघत, घरात पाणी हवं का विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, महिपत.

आणि बाबा खालून ओ म्हणाले.

ओ म्हणाले, ताई! भर मांडवात, फेटा सावरत, उभे राहून. भावेशला पुढचं काही आठवेना. माझं अख्खं शेवटचं भाषण तिथेच बुडालं, दोन पानांचं, त्यावर मी किती घाम गाळला होता. शेवटी नाटकातलं कुंपण पाडायचं होतं, ते कोणी पाडलं तेही कळलं नाही, कोणीतरी पडदा ओढला.

मी बाबांवर चिडायला गेलो की नाटकात मध्येच ओ देतात का? तर म्हणाले, हाक मारली तर काय गप बसू?

घरातल्या सगळ्यांवर आहे तशीच, माझ्यावर जरा जास्त, माया असावी.
तुझा,
प्रणय