पुलाअलीकडची बोलणी

मंगळवार, १४ तारीख. सकाळी नळाला पाणी वेळेवर आलं. दुपारी विद्यापीठातल्या बाई आवाज टिपायचं यंत्र घेऊन घरी आल्या. कमिशनर आले, शिंपी आला. चहा झाला, भांडण झालं, काम फत्ते झालं. बाई खुशीत गेल्या. शिंपी माझ्याशी बोलत नाही.

चि. धाकटीस भाऊजींचे अनेक आशीर्वाद.

तू आणि मुलं मजेत असाल. साडूसाहेबांचा गुडघा आता वाकत असेल, नसल्यास जिने त्यांनी तुला चढायला लावावेत आणि आपण खाली थांबावं. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे तू प्रत्येक फोनला विचारतेस, मी प्रत्येक फोनला उत्तम म्हणतो, आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही. म्हणून पत्र.)

तुझ्या ताईने गेल्या वर्षी या विद्यापीठातल्या बाईंना शब्द दिला होता की पुलाअलीकडची बोली यंत्रापुढे ती स्वतः बोलून देईल. जुन्या वस्त्या पाडून होण्याआधी तिथलं बोलणं जपून ठेवायचं, असं बाईंचं काम आहे. ताई हिवाळ्यात गेली आणि शब्द माझ्याकडे राहिला. महिनाअखेरीस संग्रह बंद होणार. तोवर अलीकडचा नमुना मिळाला नाही, तर पलीकडच्यांचं बोलणंच दोन्ही काठांचं म्हणून नोंदलं जाईल, असं बाईंनी सांगितलं. हे ताईला आधी कळलं असतं, तर ती गेलीच नसती.

पण आता अलीकडचं उरलंय कोण? तुमचं घर होतं तिथे उंच इमारत झाली आहे (खालचे मजले गाड्यांना, वरचे माणसांना). नवे लोक चांगले आहेत, गोड बोलतात, पण सगळे बातम्या दिल्यासारखे. शोधून शोधून दोघे सापडले. एक आपले कमिशनर. ते पोलिसात कधीच नव्हते, पण रस्ता ओलांडताना हात वर करून सगळी वाहतूक थांबवतात म्हणून ते नाव, हे तुला आठवत असेल. त्यांचा जन्म इथला, वडिलांचाही इथलाच. दुसरा शिंपी, ज्याने दुकानावर ‘अस्सल पुलाअलीकडचे’ अशी पाटी लावली आहे. ताईला त्या पाटीचा संशय होता. ब्लाउज आणायला गेली की ती त्याच्या कात्रीला म्हणायची, ‘काय कात्रीबाई, तुला पूल ओलांडताना कुणी पाहिलं नाही वाटतं!’

तुला हे सांगायला नको, पण बाईंना समजावावं लागलं, की अलीकडचा माणूस माणसाला रागावत नाही, त्याच्या वस्तूला रागावतो, आणि वाक्याचं शेपूट, म्हणजे शेवटचा सूर, उचलून वरच्या मजल्यावर पाठवतो. मी लग्न होऊन इथे राहायला आलो तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं, घरात आणखी कुणीतरी बाई राहतात. ताई दारात उभी राहून कुणाला तरी विचारत होती, ‘अहो छत्रीबाई, रोज इथेच आडवं व्हायचं असतं का तुम्हाला?’ छत्री माझी होती. पुढे माझ्या खुर्चीने, चष्म्याने आणि दाढीच्या ब्रशने जन्मभर बोलणी खाल्ली. मला मात्र ती एकदाही वावगं बोलली नाही. कागदोपत्री आमचा संसार फार गोडीगुलाबीचा झाला.

असो. बाईंनी यंत्र सुरू करून दोघांना एकच प्रश्न विचारला. नातवाने काचेचा पेला फोडला, तुम्ही काय म्हणाल? कमिशनरांनी घसा साफ केला, कोट ओढून घेतला आणि म्हणाले, ‘सदर प्रकरणी संबंधित बालकास योग्य ती समज देण्यात येईल.’ आम्ही तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांनी बालकाला लेखी खुलासा मागितला. (एरवी हा माणूस दिवसभर स्वतःच्या काठीशी भांडतो. यंत्र दिसलं की अर्ज होतो.) मग शिंप्याची पाळी आली. त्याने क्षणभरही विचार न करता हाक मारली, ‘ए गाढवा, काचा गोळा कर आधी!’

स्वच्छ, थेट, पोराच्या तोंडावर. पेल्याला एक शब्द नाही.

कमिशनर खुर्चीतून असे उठले की मला त्यांच्या कंबरेची काळजी वाटली. ‘सापडला! पलीकडचा! अरे, पाटी उतरव!’

शिंपीही पेटला. ‘हो, पलीकडचा! काय म्हणणं आहे? आम्ही बोलतो ते तोंडावर बोलतो. तुम्ही माणसाला भिता आणि भांड्यांना दम देता. यांच्याच बायकोचं बघा ना, जन्मभर टेबल-खुर्च्यांशी बोलत बसली, वेड्यासारखी!’

मी काय आहे ते तुला माहीत आहे. ऑफिसात मी रजेवर आहे की जागेवर, हे साहेबाला टेबलाशी येऊन पाहावं लागायचं. पण मी उठलो. शिंप्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘काय गं टेपबाई, चांगली गळ्यात पडून राहतेस, नि मालकाच्या जिभेचं माप एकदाही घ्यावंसं वाटलं नाही होय तुला? बाह्या आखूड मापतेस ते मापतेस, अक्कलही उरल्यासुरल्या चिंधीतच बेतलीस?’ आणि पुढे बरंच काही, जे पत्रात लिहिता येणार नाही. एकेक वाक्य वर जात होतं, आणि वर गेलं की तिथून पुढचं सुचत होतं. मला थांबायचं कुठे ते कळेना. ताईलाही कळत नसे.

शेवटी थांबलो. शिंप्याने टेप गळ्यातून काढून खिशात घातली. कमिशनर चष्मा पुसत म्हणाले, ‘आमची पोरगी येऊन गेली, यांच्या तोंडून.’ ‘सदर’ नाही, ‘संबंधित’ नाही. यंत्र चालूच होतं.

बाईंना हवं होतं ते हेच. त्यांनी उत्साहाने माझं जन्मस्थान विचारलं. मी खरं ते सांगितलं, की आमच्या गावाला कुणी कुणाला रागावतच नाही, फक्त जेवायचं थांबतात. बाईंचा चेहरा पडला, कारण बोलणारा इथेच जन्मलेला हवा असा नियम आहे. तेव्हा कमिशनरांनी हात वर करून नियमाला जागच्या जागी थांबवलं. ‘बाई, जन्म नसेल, पण बोलणी सगळी इथलीच खाल्लीत यांनी. अंगी लागलीत.’ बाईंनी विचार केला आणि लिहिलं, ‘विवाहाने रहिवासी.’ शिंप्याचं वाक्यही वाया गेलं नाही. ते पलीकडचा उत्तम नमुना म्हणून घेतलं. त्याच्या अबोल्याचं खरं कारण ते आहे.

निघताना बाईंनी टिपलेलं मला ऐकवलं. आवाज माझा, चाल ताईची. थोडं ऐकून मी बंद करा म्हणालो. त्यात बोलण्यासारखं काही नाही.

तात्पर्य, शब्द पाळला गेला, अलीकडची लाज राहिली. सगळ्यांना माझी आठवण सांग, लहानांच्या पाठीवर एकेक थाप.

तुझे भाऊजी

ता.क. बाईंना इथे जन्मलेल्या कुणाचा तरी आवाज अजून हवा आहे. मी तुझं नाव सुचवलं. मात्र तिकडे राहून तुझ्या बोलीला बरीच इस्त्री झाली आहे. मागच्या फोनला तू ‘भाऊजी, वेळेवर जेवा, स्वतःला जपा’ असं सरळ मलाच म्हणालीस. विमानातल्या सूचना ऐकल्यासारखं वाटलं.

ता.क. दुसरा. बाईंना काही नको आहे, त्यांचं काम झालं. मागणारा मी आहे. रविवारी फोन कर. माझी विचारपूस नको. माझ्या चपला दोन दिशांना तोंड करून पडल्या आहेत, चष्मा काल फ्रिजमध्ये सापडला, आणि हिवाळ्यापासून त्यांना कुणी एक शब्द बोललेलं नाही. कुठूनही सुरुवात कर. मला उत्तर द्यायचं नसेलच, मी नुसता फोन धरून ठेवीन.

गच्चीवरची मोठी चादर वाळली आहे. तिची घडी घालणं तसं दोघांचं काम, पण एक टोक हनुवटीखाली दाबून धरलं की एकट्यालाही जमतं. तेवढी घालतो.