कुलपाची पूजा

उधना, सुरत
२ नोव्हेंबर १९७४

ती. नानांना कुमुदचा नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

मोठी डिक्शनरी तुम्ही मला लग्नात दिलीत आणि वर्गात तुमचीच अडचण झाली. तुम्ही विचारलेला लूम शब्द तिच्यात पाहिला. विणायचा माग, तो लूम अवजाराच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलाय. धुक्यातून काहीतरी अंधूक, अवाढव्य समोर येतं, तो लूम निराळा. त्याचं मूळ नक्की ठाऊक नाही. दोघांचं नातं नाही, असं मुलांना खुशाल सांगा.

खंडेनवमीला हे मागांची पूजा करायला गेले, तर कारखान्याला मालकाचं कुलूप. मग सगळ्यांनी कुलपालाच हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला, नारळ फोडला.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला, असं हे म्हणाले. रोज डबा घेऊन वेळेवर निघतात.

काल मी भाजीला कारखान्याच्या बाजूला गेले होते. हे बंद दारासमोर बसून डबा खात होते. कुलपावरचा हार पार वाळलाय. मी तशीच परत फिरले.

संध्याकाळी म्हणाले, "आज उभं राहून पाय भरून आले." मी पाय शेकायला गरम पाणी दिलं.

आईला पत्र वाचून दाखवाल, तेव्हा लूमपाशीच थांबा.

तुमची,
कुमुद