पोटमाळ्यावर कुणालाही बसवू नये

मी, या घराची मालकीण, इमारतींच्या सांगाड्याचं गणित करणारी निवृत्त इंजिनिअर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं अजून जागेवर आहे; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणायला गेलं असतं तर त्याची काय गत झाली असती हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. ते फार गुळमुळीत होतं, आणि तेव्हा मला वाटायचं की मी नुसतं सांगितलं तरी पुरेल.

कलम १. घर.

हे घर माझ्या पगारातून घेतलेलं, माझं एकटीचं. पुढे दोन खोल्या, मागे दोन, वर उतरतं कौलारू छप्पर आणि छपराखाली पोटमाळा. माझ्या मागे ते माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावं. तो प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, आणि कशालाही "काही होत नाही गं आई" असं म्हणणारा आहे. पहिल्या दोन गुणांसाठी घर देते आहे. तिसऱ्याची सोय पुढच्या कलमांत केली आहे.

कलम २. छप्पर.

वकीलबाईंनी सुचवलं की मृत्युपत्रात बांधकामाचं शास्त्र घालू नये. मी विचारलं, "मग काय घालू, दागिने? ते मोडून तर पाया भरला." तेव्हापासून त्या गप्प आहेत.

छपराचे दोन उतार एकमेकांना टेकून उभे असतात आणि दोघांनाही सतत खालून पाय पसरायचे असतात. ते पसरले की भिंती बाहेर ढकलल्या जातात. म्हणून दोन्ही पायांना बांधून ठेवणारी एक आडवी तुळई घालतात. या तिकोनी जोडणीला आम्ही कैची म्हणतो. आपल्या छपराला अशा तीन कैच्या आहेत. भिंती छतापेक्षा थोड्या वर नेलेल्या असल्यामुळे या तुळया नेमक्या माणसाच्या कपाळाला लागतात. माझे यजमान ट्रंक काढायला वर गेले की टेंगूळ घेऊनच खाली यायचे. चित्रकलेचे मास्तर होते, बांधकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तुळईला करवत लावावी असं त्यांच्या कधी मनात आलं नाही.

गेल्या वर्षी मी दवाखान्यात असताना माझ्या दिरांनी ती लावली. ते घरांची आतली सजावट करून देतात. नात आता मोठी झाली, तिला दार लावून बसायला स्वतःची खोली हवी, आणि मुलाला मी घरी यायच्या आत मला चकित करायचं होतं. झाले मी चकित. मधल्या कैचीची तुळई गायब, खाली गुळगुळीत फळ्या, भिंतींना फिकट निळा रंग.

"वहिनी, केवढं मोकळं वाटतंय बघा आता," दीर म्हणाले.

"भाऊजी, मधली तुळई कुठाय?"

"ती होय? जुनं सागवान, फेकवेना. तुमच्यासाठी बाक केलंय त्याचं. व्हरांड्यात ठेवलंय."

मी भिंती ढकलल्या जाण्याचं समजावायला लागले तर हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही पूल बांधायच्या. हे घर आहे हो, घर." मुलगाही हसला. मला इतका संताप आला की ऑक्सिजनची नळी ओढून काढली आणि मग माझी मलाच परत लावावी लागली.

कलम ३. बाक.

सदर बाक दिरांना परत द्यावं. त्यावर बसून त्यांनी विचार करावा. सवय नसल्यामुळे सुरुवातीला जड जाईल.

कलम ४. पोटमाळ्याची जमीन, आणि माझी खोली.

पोटमाळ्याच्या फळ्या ज्या बारीक कड्यांवर, म्हणजे आडव्या लाकडी वाशांवर, ठोकल्या आहेत, त्या कड्या खालच्या खोलीचं छत धरायला घातलेल्या आहेत. छत आणि चार ट्रंका, एवढंच त्यांचं काम. माणसं, पलंग, पुस्तकांचं कपाट हे त्यांच्या हिशेबातच नाही. त्यात जिन्याच्या भोकासाठी दिरांनी त्यातल्या काही कड्या मधूनच तोडल्या आणि टोकं तशीच लोंबती ठेवली. हे सगळं माझ्या पलंगाच्या बरोब्बर वर आहे. दवाखान्यातून आल्यावर महिन्याभरात छताला तडा गेला आणि खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. दार अडकलं की समजावं, चौकट तिरकी होते आहे. मुलाने दाराला तेल घातलं.

मी जुन्या ओळखीच्या गवंड्याला बोलावून पलंगाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू उभे करून घेतले. तेव्हापासून मी दोन टेकूंच्या मधे झोपते.

काम नीट करून घे म्हणून मी मुलाच्या मागे लागले. तो म्हणाला, "आई, फळ्या उखडायच्या म्हणजे केवढी धूळ. तुझ्या छातीला सोसणार नाही. राहू दे ना सध्या." यात त्याची माया आहे हे मला कळतं, म्हणून जास्तच त्रास होतो. तोवर नातीला वर झोपवायचं नाही एवढं मात्र त्याने ऐकलं. पण ते गणित पटलं म्हणून नव्हे. म्हातारीच्या डोक्यावर पावलांचा आवाज नको म्हणून.

थोडक्यात, मी गेले की आवाजाचा प्रश्न मिटतो आणि नात वर जाते. हे कुणी बोलत नाही. नात बोलली. ती माझी नखं कापत बसली होती. म्हणाली, "आजी, तू गेल्यावर वरची खोली मला मिळणार आहे. बाबाने सांगितलंय. पण मला काही घाई नाहीये हं."

मी हसले, हसता हसता ढास लागली, आणि ती पाणी आणायला गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले. पोरीचा काही दोष नाही. मरणाची मला भीती नाही. मी मेले की ती त्या फळ्यांवर झोपायला जाईल, याची आहे. आज माझा श्वास तिला खाली धरून ठेवतो आहे आणि तो किती दिवस पुरेल हे डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत.

कलम ५. बँकेतली ठेव.

ही आधी पोटमाळ्यासाठी खर्च करावी. माझा मुळात पोटमाळ्याला विरोध नाही. मी जन्मभर लोकांना अशा खोल्या काढून दिल्या, पोरीला का नाही देणार? फक्त रीतीने. आढ्याखाली, म्हणजे छपराचे दोन उतार जुळतात तिथे, लोखंडी तुळई घालावी, म्हणजे छप्पर तिच्यावर बसेल आणि भिंती ढकलणं थांबेल. ती तुळई खांबांवर, आणि खांब थेट जमिनीत, नव्या पायावर. मधली भिंत नुसती आडोशाला उभी आहे, तिच्यावर खांब टेकवण्याचा शहाणपणा करू नये. प्रत्येक जुन्या कडीला शेजारी नवी, जाड कडी जोडावी आणि दोन्ही टोकं बाहेरच्या भिंतींवर बसवावीत. जिन्याच्या भोकाभोवती दुहेरी कड्यांची चौकट करावी. खिडकी एवढी मोठी हवी की आग लागली तर पोरीला त्यातून बाहेर पडता येईल. शेवटी पोटमाळ्याच्या जमिनीवर वाळूची पोती रचून ठेवावीत, छत किती वाकलं ते मोजावं, आणि मगच पलंग चढवावा. नकाशे माझ्या माजी सहकारिणीकडे आहेत. ती तोंडाने फटकळ आहे, म्हणूनच तिला नेमलं आहे.

एक खांब माझ्या खोलीतून, पलंग आहे तिथूनच खाली येतो. दुसरी जागा नाही. मी सगळीकडून करून पाहिलं.

कलम ६. उरलेली ठेव.

सूनबाईंना, त्यांच्या एकटीच्या नावाने. मी दवाखान्यातून आले त्या दिवशी सगळे वर नाचत होते तेव्हा त्या एकट्या खाली आल्या, माझ्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आई, हे धरेल ना?" या घरात तो प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नाही. मी "नाही" म्हटलं, तेव्हापासून त्या वर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत. नवऱ्याशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो त्यांचा स्वभाव नाही आणि हे मृत्युपत्र स्वभाव बदलण्यासाठी नाही.

कलम ७. हत्यारं, पुस्तकं, वगैरे.

पितळी ओळंबा नातीला. भिंत सरळ आहे की नाही हे तो कुणाचीही भीड न ठेवता सांगतो. हेल्मेट गवंड्याला, त्याचं फुटलं आहे. पुस्तकं रद्दीत; त्यातले नियम केव्हाच बदलले. निरोप समारंभात ऑफिसने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ कुणालाच नको, कारण ते देताना साहेब म्हणाले होते, "बाईंनी आमचे जिने फार सुंदर काढले." नदीवरच्या पुलाचं सगळं गणित माझं होतं. साहेब केव्हाच वारले. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि आता करायला वेळही नाही.

कलम ८. मी जाईन तो दिवस.

हे कलम मी सर्वांत शेवटी लिहिते आहे, कारण ते मला फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यापासून मला झोप नाही.

मी इतके महिने नातीच्या पलंगाचा हिशेब करत बसले. पण या घरात सर्वांत जास्त माणसं एकाच दिवशी येणार आहेत, मी जाईन त्या दिवशी. मुलाच्या ऑफिसातले, सूनबाईंच्या माहेरचे, गल्लीतले, माझ्या हाताखाली शिकलेले. खाली चार खोल्या, त्यातल्या एकीत मी. लोक व्हरांड्यात दाटीवाटीने उभे राहतील. कुणीतरी म्हणेल, वरची खोली रिकामी आहे, म्हाताऱ्या माणसांना तरी तिथे बसवा. नव्या रंगाची, वारा येणारी खोली आहे. त्या फळ्यांवर आजवर पडलं नाही एवढं वजन माझ्याच निमित्ताने पडेल. त्या कड्या ते धरणार नाहीत.

म्हणून: माझ्या मृत्यूनंतर, कितीही गर्दी झाली तरी, पोटमाळ्यावर कुणालाही बसवू नये. उन्हात बसवावं, रस्त्यावर बसवावं, परत पाठवावं. मला राग येणार नाही.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर चार-आठ दिवसांनी उघडतात, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणजे हे कलम वाचलं जाईल तोवर होऊन गेलेलं असेल. तेव्हा हे बंद पाकिटात ठेवू नये. माझ्यासमोर, आजच, सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचावं. माझी सही त्यानंतरच होईल.

नोंद.

त्याप्रमाणे आज वकीलबाईंनी हे माझ्या खोलीत वाचलं. मुलगा, सूनबाई आणि दीर हजर होते. नात शाळेत होती. बाकाच्या कलमाला दीर उठून गेले. नातीचं बोलणं आलं तेव्हा मुलगा खाली बघत राहिला. आठवं कलम वाचून झालं. मग मुलाने या कामाबद्दल पहिल्यांदाच मला आकडा विचारला.

"आई, वर किती माणसं धरलीस?"

"वीस-पंचवीस."

"एवढी कोण येणारेत?"

"तुझीच. दारात आलेल्याला तू उभं ठेवशील का कधी?"

त्याने वर छताच्या तड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी टिकलीलाच सांगितलं असतं. म्हटलं असतं, बाळा, पाहुण्यांना वर घेऊन जा."

टिकली म्हणजे माझी नात. हे वाक्य त्याचं आहे. लिहू का विचारलं तर मान हलवली. तो रडला. मी त्याला रडू दिलं, कारण मला उठून जवळ जाता येत नाही आणि यावेळी "काही होत नाही" असं मलाही म्हणता येत नव्हतं.

उद्या मला दवाखान्यात हलवणार आहेत. या खोलीत खांबाच्या पायासाठी खड्डा खणायचा तर इथे धुळीत मला राहता येणार नाही. इथेच, माझ्या पलंगावर मरायचं असं मी ठरवलं होतं. ते कलम खोडलं आहे. खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरं आहेत.

वरील मजकूर वाचून, ऐकून, बरोबर आहे म्हणून सही केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली म्हणून:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. दिवसपाळीची नर्स (सही)

स्थळ: राहतं घर, मागची खोली.
तारीख: नऊ मार्च. काम सुरू होण्याची तारीख: दहा मार्च.