साखळीची बाजू

६ मार्च, शुक्रवार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी ठीक आहे. प्रशिक्षण केंद्रावरची अकरा कुत्री ठीक आहेत, बारावं खोकतंय. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं.

पाकिटावरचा पत्ता भाचीने लिहिलाय वाटतं. दुसरीत गेली ना ती? मुंगी शाईत बुडवून सोडावी तसं अक्षर आहे. जरा घटवून घे तिच्याकडून.

आता बोकाविषयी. (अण्णांनी कुत्र्याचं नाव बोका ठेवलं, यातच सगळं आलं.) तू लिहितेस की फाटकापाशी तो पायांत घुटमळला, अण्णा पडले, गुडघा सोलवटला. आता त्यांनी खुंटीवरून साखळी काढली की तो पलंगाखाली शिरून गुरगुरतो. भाऊजी म्हणतात, महिनाअखेरीस कुत्रं परत न्या. अण्णा म्हणतात, कुत्रं गेलं तर मीही घराबाहेर पडणार नाही. म्हणजे दवाखान्यातून आल्यावर आठ महिने खिडकीशी बसले, तसेच पुन्हा बसणार.

हे बघ, कुत्र्यात खोट नाही. अण्णांकडे पाठवण्याआधी सहा आठवडे मी स्वतः चालवलंय त्याला. ओढायची सवय होती, म्हणून गळ्यात साखळी घातली. दुकानात तिला चोक चेन म्हणतात. लोक नाव ऐकूनच नाक मुरडतात. पण हिसका पाव सेकंदाचा असतो आणि लगेच ती सैल व्हायला हवी. कुत्रं शिकतं ते त्या सैल होण्यातून. कुणी आवळूनच धरलं, तर त्या बिचाऱ्याला कळणार कसं, की आपण आता बरोबर चालतोय?

अण्णा म्हणतात, 'मी दोरी ढिली सोडली होती.' काहीतरीच! दोरी ढिली सोडली की साखळी आपोआप सैल होते. धरून ठेवली असणार. सोडून द्यायचं त्यांना कधी जमलंय? मी बँकेतली नोकरी सोडून या धंद्यात पडलो, तेव्हा 'कुत्री फिरवणारा' म्हणाले होते. नऊ वर्षं झाली, ते काही सुटलं नाही.

माझ्याकडे प्रत्येक मालकासाठी छापील कागद असतो. उंची, वजन, चाल, दोरी कुठल्या हातात धरणार, सगळं. अण्णांचाही भरलेला आहे. तेव्हा माझ्याकडून काही राहिलेलं नाही. तरी भाऊजींच्या समाधानासाठी, अण्णा बोकाला घेऊन उभे आहेत असा एक फोटो समोरून काढून पाठव. त्यांचा हात कुठे चुकतो ते सांगतो.

मला यायला जमणार नाही. कामं आहेत. बोकाला पोचवायलासुद्धा गाडीवाल्यालाच पाठवलं होतं ना.

तुझा,
धाकटा

१६ मार्च, सोमवार

ताई,

नमस्कार. फोटो मिळाला. खोकणारं कुत्रं बरं झालं.

फोटो चार दिवस टेबलावर पडून आहे. अण्णा बारीक झालेत. डावा हात कोटाच्या खिशात आहे. तो त्यांनी खिशात घातलेला नाही, कुणीतरी ठेवून दिलाय, हे कळतं. दोरी उजव्या हातात आणि बोका उजव्या बाजूला.

त्या साखळीला बाजू असते. कुत्रं डावीकडे चालणार असेल तर समोरून ती इंग्रजी पी अक्षरासारखी दिसायला हवी, उजवीकडे चालणार असेल तर इंग्रजी नवाच्या आकड्यासारखी. चुकीच्या बाजूने घातली तर आवळते, पण सैल होत नाही. माणसाने दोरी कितीही ढिली सोडली तरी नाही. फोटोत पी दिसतोय. गाडीत चढवताना मीच घातला होता, तुम्ही रोज तसाच घालत राहिलात. अण्णा खरं बोलत होते.

तो छापील कागद काढून पाहिला. अक्षर माझंच. 'दोरी कुठल्या हातात?' याच्यापुढे मी 'डावा' लिहिलंय. अण्णा डावखुरे. दाढी डाव्या हाताने, सही डाव्या हाताने, माझ्या कानाखाली काढली तीही डाव्यानेच. विचारायचं काय त्यात? तू दवाखान्यातून फोनवर म्हणाली होतीस, 'त्यांचा हात गेला रे.' कुठला, ते मी विचारलं नाही. 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. परक्या माणसाला हाच प्रश्न मी तीनदा विचारतो.

बोकाला घेऊन मी आलो असतो तर फाटकातच कळलं असतं. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. अण्णा पडले ते माझ्यामुळे. भाऊजींना एवढं वाचून दाखव, कुत्र्यावर खापर फोडू नका म्हणावं.

फोटोच्या मागे तू लिहिलंयस, की मागच्या पाकिटावरचं अक्षर भाचीचं नव्हतं. अण्णांनी अर्धी दुपार बसून उजव्या हाताने पत्ता लिहिला. तू पत्त्यांची वही काढून द्यायला लागलीस, तर 'नको, पाठ आहे' म्हणाले. मुंगीचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं नाहीस ना? दाखवलं असणार, मी ओळखतो तुला. मला लाज वाटली, ताई. पाकीट रद्दीत गेलं होतं, ते उकरून काढलं.

येत्या रविवारी सकाळी येतोय. तोवर ती साखळी कुणी हातात घेऊ नका. बोकाला साध्या पट्ट्यावर अंगणात ठेवा आणि खायला अण्णांच्याच हातून द्या. साखळी फिरवून घालायला दहा सेकंद लागतात. त्याची भीती जायला तीन आठवडे तरी लागतील, आणि मग कदाचित साखळी लागणारही नाही. तेवढे दिवस राहीन म्हणतो. मधली खोली रिकामी आहे का? भाऊजींना विचार, महिनाअखेर थोडी पुढे सरकेल का.

छापील कागद कोरा घेऊन येतोय. या वेळी अण्णांना समोर बसवून, विचारून भरीन. आणखी काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

पाकिटावर नाव अण्णांचं घातलंय. बघावं तरी म्हणून पत्ता मी डाव्या हाताने लिहिला. चार ओळींना अकरा मिनिटं लागली, दोन पाकिटं वाया गेली. भाचीला दाखव, हसू दे तिला. पाकीट फोडायला अण्णांना वेळ लागला असेल. लागला तर लागला. तू मध्ये हात घातला नसशील, म्हणजे झालं.

तुझा धाकटा,
आणि त्यांचा कुत्री फिरवणारा