पाळण्याला बायनाचा हात

मी रायभान वल्द सटवाजी, वय सत्तरीच्या आसपास, धंदा सुतारकाम व पॉलिश, राहणार अंबड, जिल्हा औरंगाबाद, इलाखा हैदराबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. अंगाला वास येतो तो पॉलिशच्या स्पिरिटचा, आणि तो सरणावरही येणार.

लिहिण्याचे कारण एकच. मला मुलगा नाही. मुलगी बायनाबाई, तिला मूल झाले नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि ती माझ्याकडे परत आली. मी डोळे मिटले की भाऊबंद दुकानाला कुलूप घालतील आणि तिला चुलीपुढे बसवतील. तसे होऊ नये.

कलम पहिले. माझे माळवदाचे घर आणि त्याला लागून असलेले दुकान, आतले पॉलिशचे कपाट, बाटल्या व चपडी लाखेचे पोते यांसह, बायनाबाईस दिले आहे. आमच्या वडिलांनी मेंढरे राखली, लांडग्याचा वास त्यांना आधी यायचा. ते नाक मला चुकवून तिच्याकडे गेले. नुसते बूच काढले की स्पिरिटमध्ये पाणी घातले आहे का, हे ती सांगते. चपडी विरघळवायला स्पिरिट, जवसाच्या तेलाचे वार्निश पातळ करायला टर्पेन्टाईन, हे मी तिला एकदाच सांगितले. पुतण्याला अजून सांगतो आहे.

कलम दुसरे. हा पुतण्या म्हणजे पुंजाराम, माझे थोरले बंधू कैलासवासी धुळाजी यांचा मुलगा. त्यास माझे सगळे रंधे, करवती व पटाश्या द्याव्यात. त्याच्यासारखा सांधा मला कधी जमला नाही, हेही लिहून देतो. पण घाई त्याच्या हाडात आहे. त्याने लाकूड जोडावे, पॉलिश बायनाने करावे, आणि दोघांनी एकाच दुकानात भांडत राहावे.

कलम तिसरे, जुन्या हिशेबाचे. आमच्या पेठेत पाळणा एका घरात राहत नाही. एकाचे लेकरू रांगायला लागले की तो दुसऱ्याकडे जातो, आणि दात शिवशिवणारे प्रत्येक लेकरू त्याचा कठडा चावते. म्हणून पाळण्याला स्पिरिटमधलीच चपडी लावायची. स्पिरिट उडून जाते, मागे काही ठेवत नाही. घासलेट मात्र लाकडात मुरते आणि तिथेच राहते.

धुळाजींच्या पत्नी गोजरबाई वहिनी एका बारशात भरल्या घरात म्हणाल्या, “पाळण्याला बायनाचा हात लागू देऊ नका.” पेठेतले सगळे पाळणे तिच्याच हातून पॉलिश झाले आहेत, हे मी तिथेच ओरडून सांगणार होतो. बायनाने माझा सदरा ओढला. तेव्हापासून तिला बारशाचे बोलावणे आले नाही. मला याचा फार राग होता.

पुढे लढाईत स्पिरिट मिळेनासे झाले. त्यातच पुंजारामला मुलगा झाला. त्याने पाळणा घाईघाईने केला आणि तेलरंगात घासलेट ओतून घरीच रंगवला. बारशाला लेकराला आत घातले की ते किंचाळे, उचलले की गप्प. उन्हात ठेवूनही वास गेला नाही. शेवटी वहिनी तो पाळणा डोक्यावर घेऊन भर दुपारी पेठेतून दुकानात आल्या.

“बायना, लेकरू निजूनच न्हाई राह्यलं. बघ की काही.”

“मोठी माय, माझा हात चालंल का?”

वहिनी खालीच बसल्या. “तुझाच लाव. चुकल्ते मी.”

बायनाने सगळा रंग खरवडून कोरे लाकूड काढले. स्पिरिट नव्हते, आणि जिथे तोंड लागणार तिथे दुसरे काही मिसळायचे नाही, म्हणून नुसते जवसाचे तेल तळहाताने चोळले. वरचे पुसून घेतले, उन्हात वाळवले, पुन्हा चोळले.

“काका, याला लई दिस लागून राह्यले!” पुंजाराम म्हणाला.

“लागू दे. तुझ्या घाईचं फेडून राह्यली ती,” मी म्हणालो.

पाळणा परत टांगला तेव्हा वहिनींनी बायनाला बोलावून दोरी तिच्या हातात दिली. पोरगे गाढ झोपले. मी दारात उभा राहून रडलो, आणि ते आनंदाचे रडणे होते. वहिनींवरचा माझा दावा इथे मिटला, वारसांनी तो पुन्हा उकरू नये.

कलम चौथे. घासलेट फक्त कंदिलापुरते, तेही उंबऱ्याबाहेर. पुंजारामने डबा आत आणल्यास त्याचे रंधे बायनाकडे जातील. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, आपोआप पेटतात, पसरून वाळवाव्यात.

कलम पाचवे. दुकानात माझ्या हातचा एक सागवानी पाळणा आहे, तो विकू नये. ज्याच्या घरी पाळणा नसेल त्याला तो द्यावा, आणि पहिला झोका बायनाने द्यावा. स्पिरिट आता पुन्हा मिळू लागले आहे, काम भरपूर येईल.

हे वाचून घेतले, बराबर आहे, म्हणून सही करतो.

मुक्काम अंबड, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६८, सन १३५५ फसली.

रायभान वल्द सटवाजी, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार:
बद्रीनाथ, किराणा दुकानदार, सही
गोजरबाई, बेवा धुळाजी, डाव्या हाताचा अंगठा

लिहिणार काकासाहेब यांची टीप: गोजरबाईंच्या अंगठ्याची शाई पाण्याने निघेना. पुंजारामने स्पिरिट पुढे केले. बायनाबाई म्हणाल्या, “ही तेलातली शाई हाय, तेलानंच सुटंल,” आणि जवसाच्या तेलाचा बोळा घेऊन त्यांनी अंगठा पुसून दिला. तो स्वच्छ झाल्यावर गोजरबाईंनी दुसरा हातही पुढे केला. त्या हाताला शाई नव्हती.