हो, अगदी असंच

१ जून
आले एकदाची! सहावा मजला, दोन खोल्या, ऐसपैस गॅलरी आणि खिडकीशी लिहायचं टेबल. हे घर रेडिओच्या निर्मात्यांनी दिलंय. बदल्यात मी लोकांना कशाकशाची भीती वाटते ते शोधायचं आणि त्यावर भयमालिका लिहायची. भुताखेतांना बंदी आहे, खऱ्या माणसांची खरी भीती हवी, असं त्यांनी बजावलंय. मला काय, आयतं घर मिळालं. शिवाय धाकटी दोन गल्ल्या पलीकडेच राहते. तिला नववा लागलाय. आई गेल्यापासून तिची आई मीच. बाळंतपणात नवरा नसला तरी चालेल पण ताई हवी, असं ती सगळ्यांना सांगत सुटलीय. मी शब्द दिलाय.

४ जून
पहिल्या आल्या शिंपीणबाई. त्यांना लिफ्टची भीती. नुसतं ऐकून माझं भागत नाही. समोरच्याची भीती मी स्वतः करून दाखवते, त्याच्यासारखा श्वास घेते, त्याच्यासारखी थरथरते आणि विचारते, असंच ना? बाईंनी मला कपाटाला पाठ लावून कितीदा तरी उभं केलं. कधी खांदे चुकायचे, कधी हात. शेवटी त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, हो, अगदी असंच. एवढी दाद मला आजवर कोणी दिलेली नाही.

६ जून
शिंपीणबाईंचा फोन आला. दिवसभर लिफ्टने वरखाली करत होत्या म्हणे, लहान मुलासारख्या! मी मात्र आज दुसऱ्या मजल्यावरच लिफ्टमधून घामाघूम होऊन बाहेर पडले. गेले जिन्याने. तेवढाच व्यायाम, नाहीतरी धाकटी मला जाडी म्हणतेच.

९ जून
काम झकास चाललंय. सकाळी निवृत्त पोस्टमन आले. त्यांना जिना उतरायची भीती, पुढची पायरी नसेलच असं वाटतं. दुपारी शाळेतल्या बाई आल्या. फोन वाजला की त्यांचा जीव जातो. दोघांचीही दाद मिळाली.

१० जून
जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि पाय उचलेना. परत आले. फोन बंद करून गाद्यांच्या घडीत कोंबलाय. वाजू शकत नाही हे माहीत आहे, तरी तिकडे पाठ करवत नाही. धाकटीला काय वाटेल?

१२ जून
पोस्टमन आभार मानायला आले. जिन्याने, शीळ घालत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यांची भीती गेली ती गेली कुठे? मी हातापाया पडले, म्हटलं, आता तुम्ही माझी करून दाखवा, मी हो म्हणते. त्यांनी कानाला हात लावले आणि धडाधड उतरून गेले.
आता कोणाचंही ऐकायचं नाही.

१३ जून
ऐकलं. मूर्ख बाई मी.
पलीकडच्या गॅलरीतली शेजारीण. बिचारी कित्येक वर्षं घराबाहेर पडलेली नाही. दार उघडताना जी फट पडते ना, म्हणाली आणि अडखळली. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची माझी खोड! मी म्हटलं, त्या फटीतून कोणीतरी आधीच आत बघत असतं.
हो, अगदी असंच, ती म्हणाली.
मग तिच्या दाराची कडी निघाली. ती गाणं म्हणत गेली.

१४ जून
कडीला हात लावला. नाही जमत — ते पलीकडे आहे. वाट बघतंय.

१५ जून
धाकटी आलीय. फोन लागेना म्हणून धावतपळत, एकटी, स्वतःचा फोन घरीच विसरून. वेंधळी! दाराबाहेर उभी आहे. मी आतून सगळं सांगून टाकलं. का सांगितलं —
ती म्हणते, मग मी करते तुझी भीती, तू फक्त हो म्हण. मी नको म्हटलं. हजारदा.

ऐकत नाही. लहानपणी घरात सगळ्यांच्या नकला तीच करायची. लिफ्ट, जिना, फोन, सगळं बरोबर करतेय. श्वाससुद्धा माझाच. मी तोंडावर उशी दाबून —

तिला कळा यायला लागल्यात. खाली बसलीय. ताई, ये ना, म्हणतेय. मजल्यावर दुसरं कोणी नाही. शेजारीण अजून भटकतेय.
शब्द दिला होता. दार उघडायला हवं. पण हो म्हटलं तर ती — लिफ्ट नाही, जिना नाही — बाळासकट इथेच —

आता फटीचं करतेय. कण्हत कण्हत. विचारतेय, असंच ना ताई? असंच ना?

तोंडातून निघून गेलं.

दाराकडे बघितलं. नुसतं दार आहे. लाकडाचं. मला काहीच वाटत नाही.
बाहेर धाकटी किंचाळतेय. दार उघडू नकोस, ताई, फटीतून कोणीतरी बघ