बाईसाहेबांनी जोडीदार निवडला

प्रिय चिमणे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. लग्नाला न आलेल्या बापावर रुसायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण आधी बातमी ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल. आमच्या पक्षी केंद्रातल्या बाईसाहेबांनी काल एका खऱ्याखुऱ्या नराशी संसार मांडला!

बाईसाहेब म्हणजे ती क्रौंच मादी, ठाऊकच आहे तुला. चूक माझीच होती. पिल्लाला भरवताना तोंड झाकायचं आणि हातात क्रौंचाच्या डोक्यासारखा मोजा घालायचा, असा आमचा नियम. तो मोजा फाटला, नवा यायला आठवडा लागणार होता, आणि पिल्लू भुकेनं कळवळत होतं. मी उघड्या हातानं भरवलं. झालं! मोठी झाली ती मलाच आपल्या जातीचा समजत. विणीचा हंगाम आला की माझ्यापुढे मान लववायची, वाळकं गवत उडवायची आणि आता तुझी पाळी, अशा नजरेनं बघत राहायची. मग गुडघ्याला पट्टा बांधलेला हा म्हातारा हात पसरून उड्या मारायचा. नाचलो नाही तर ती अंडी द्यायची नाही. पुढचं काम, म्हणजे नराचं बीज आत सोडणं, डॉक्टरीणबाई नळीनं उरकायच्या. झाडलोट करणाऱ्या मावशी जाळीला टेकून हसून हसून बेजार व्हायच्या.

यंदा शेजारच्या पिंजऱ्यात एक तरणाबांड नर आणला. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं, महिनाभर तिच्यासमोर जायचं नाही. मी भिंतीआड स्टूल टाकून फटीतून बघायचो. तो मान उंचावून साद घालायचा आणि ही ढुंकूनही बघायची नाही. खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश व्हायचो. त्याची चाल मला फेंगडी वाटायची, आवाज फाटका वाटायचा. मग एका सकाळी त्याच्या एका हाकेला हिनं दोन हाका जोडल्या. डॉक्टरीणबाईंनी मधलं दार उघडलं. दोघं आठवडाभर असे नाचले की माझ्या उड्यांची मलाच लाज वाटली. काल तिनं त्याच्याकडे पाठ करून पंख पसरले, तो पाठीवर चढला, पंख फडफडवत तोल सावरला, शेपट्या जुळल्या आणि चार-सहा क्षणांत सगळं आटोपलं! मग दोघं शेजारी उभं राहून पिसं साफ करू लागले. मी न राहवून जाळीपाशी गेलो. तिनं मला पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडे वळली. चिमणे, मला रडू आलं, आणि इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा पाजला.

आता खरं सांगतो. हंगाम आहे, रजा मिळत नाही, असं मी तुला कळवलं होतं. रजा मिळाली होती. डॉक्टरीणबाईंनी सही करून कागद माझ्या हातात दिला होता. तू निवडलेला मुलगा मला नको होता, आणि त्याला तर मी भेटलोही नव्हतो. एका पक्ष्याच्या आड लपलो गं. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघतोय, संध्याकाळी तुझं दार वाजवीन. तुला उघडावंसं वाटलं नाही, तर जावईबापूंना उघडू दे. आधी माफी त्यांचीच मागायची आहे.

तुझाच,
चुकलेला बाबा